साक्षीदारांचा रकाना

(रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ पिंपरी-चिंचवड इथं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज गुरुवार आहे, म्हणून एवढे कामगार या सभागृहात बसू शकले. आपल्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. मुंबईत ती रविवारची मिळाली, १० जून १८९० रोजी, आणि ती ज्यांच्या चळवळीमुळे मिळाली त्या लोखंड्यांच्या नावानं आपण जमलो आहोत. सुट्टीची ही हकिगत आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. मला आज त्यांची दुसरी एक मागणी आठवायची आहे. ती सुट्टीइतकी प्रसिद्ध झाली नाही आणि चाकणच्या रस्त्यावर ती आजही पुरी झालेली नाही.

सप्टेंबर १८८४. मुंबईत कारखाना आयोग बसला होता, डब्ल्यू. बी. मुलॉक त्याचे अध्यक्ष. लोखंडे तेव्हा ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केलेली असल्यानं गिरणीची आतली बाजू त्यांना ठाऊक होती. त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात आठवड्याची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, कामाचे तास होते, पगार वेळेवर मिळावा हेही होतं. आणि शेवटी होतं ते असं: काम करताना कामगाराला मोठी दुखापत झाली तर तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी.

हे मागणीपत्र होतं, तशी ती साक्षही होती. साडेपाच हजार माणसांनी आयोगाला सांगितलं की गिरणीत हात तुटतात, आम्ही ते पाहिलं आहे. त्या आधीच्या, १८८१ च्या कारखाना कायद्यात मुलांच्या कामाचे तास आणि यंत्रांभोवतीची कुंपणं असा विचार थोडाफार होता. पण ज्याचा हात गेला त्यानं पुढं खायचं काय, हा प्रश्न आयोगापुढं कामगारांनी मांडला. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. कामावर जे घडतं ते डोळ्यांनी पाहणाऱ्यानं सांगणं, आणि त्यानं सांगितलेलं कुठंतरी लिहून ठेवलं जाणं.

साक्ष हा शब्द आपल्याकडे भाषणांत फार स्वस्त झाला आहे. उद्घाटनाच्या व्यासपीठावरून सांगितलं जातं की इथली कारखान्यांची रांग प्रगतीची साक्ष देते, हा उड्डाणपूल विकासाची साक्ष देतो. कंपन्यांच्या इंग्रजी अहवालांतही हीच पद्धत. नवी इमारत, नवी असेंब्ली लाइन, निर्यातीचा आकडा, सगळंच कशाचं तरी ‘टेस्टिमनी’ असतं. इमारत काही सांगत नाही. साक्ष द्यायला पाहणारा माणूस लागतो, त्याचं नाव लागतं, आणि उद्या कुणी उलट विचारलं तर उभं राहण्याची त्याची तयारी लागते.

महाराष्ट्रात अशा साक्षीची मोठी परंपरा आहे. लोखंडे ज्यांना गुरुस्थानी मानत त्या महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढं आपलं निवेदन दिलं. त्याचं बळ आकडेवारीत नव्हतं. मी स्वतः शाळा काढल्या, मी हे पाहिलं, सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, असं ते अनुभवाच्या जोरावर सांगत होते. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी त्या अनुभवातून आली होती. त्याच आयोगापुढं पुण्यात पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. पुढं २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढं सत्तावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर उभे राहिले, आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी इथं जवळच, पुण्यात, सायमन आयोगापुढं त्यांची साक्ष झाली. ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचा ते स्वतः येऊन बोलले, हे या सगळ्या साक्षींत समान आहे. कुणी त्यांच्या वतीनं कळवळ्यानं लिहिलेला अहवाल निराळा आणि ही साक्ष निराळी.

याच परंपरेला आपल्या चिंचवडमध्ये एक दुसरी बाजूही आहे, आणि ती बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली ती चिंचवडच्या चापेकरांनी. बक्षिसाच्या आशेनं द्रविड बंधूंनी माहिती दिली, दामोदर हरी पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला फाशी गेले. ८ फेब्रुवारी १८९९ ला द्रविड बंधूंना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतर मे महिन्यात वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर काही दिवसांच्या अंतरानं फाशी गेले. चापेकर वाड्यात आपण मुलांना नेतो तेव्हा ही गोष्ट सांगतो, आणि सांगताना द्रविडांसाठी एकच शब्द वापरतो: फितूर.

कोर्टात साक्षीदार उलटला की वर्तमानपत्रं आजही तोच शब्द छापतात. पण आपल्या मनात तो भलतीकडेच जाऊन बसला आहे. शॉप फ्लोअरवर कुणी तोंड उघडलं की त्याला फितूर म्हटलं जातं. ‘कंपनीच्या विरुद्ध साक्ष दिलीस?’ हा प्रश्न मी सहकाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या, कधी खुद्द आईवडिलांच्या तोंडून ऐकला आहे. यातला घोटाळा स्पष्ट केला पाहिजे. खबऱ्या बक्षिसासाठी सत्तेच्या कानात बोलतो. साक्षीदार आपली भाकरी पणाला लावून, शेजारच्या मशीनवरच्या माणसासाठी, सगळ्यांसमोर बोलतो. दोघांना एकाच नावानं हाक मारणं हा अन्याय आहे आणि तो आपल्या घरातूनच सुरू होतो.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर प्लॉट पडले. टेल्को आली, बजाज आली. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. पुढं गाड्यांचा उद्योग चाकणकडे सरकला. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे या गावांची नावं जगभरातल्या मोटार कंपन्यांच्या पत्त्यांत गेली. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. गाडीच्या नावाची पाटी असलेल्या मोठ्या कारखान्यामागं सुटे भाग देणारे पुरवठादार, त्यांना भाग देणारे लहान पुरवठादार, आणि त्यांच्याही मागं पत्र्याच्या शेडमधली चार-सहा प्रेस असलेली वर्कशॉप, अशी उतरंड आहे. वरच्या पायरीवर सेफ्टी शूज, पिवळ्या रेषा आणि ऑडिट असतं. बोटं तुटतात ती बहुतेक खालच्या पायरीवर.

पॉवर प्रेस कशी चालते हे इथं बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही, पण श्रोत्यांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. खाली डाय, वर रॅम. कामगार पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, रॅम काही टनांच्या जोरानं खाली येतो, तुकड्याला आकार मिळतो, हात पुन्हा आत जाऊन तयार भाग काढतो. दिवसाकाठी हजारो वेळा हेच. हात आत असताना रॅम येऊ नये म्हणून दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही. प्रकाशाचा पडदा धरणारा सेन्सर असतो. हात आत गेला की प्रेस थांबते. ही साधनं नवी नाहीत. पण दोन बटणांनी वेग कमी होतो, म्हणून पायाचं पेडल बसवलं जातं. सेन्सर बिघडला की दुरुस्तीला मशीन बंद ठेवावी लागते, म्हणून तो काढून ठेवला जातो. मग एखाद्या दिवशी क्लच झिजलेला असतो आणि रॅम एकदा सांगितलं असताना दोनदा येतो. ‘प्रेस डबल झाली’ असं त्याला कामगार म्हणतात. त्या क्षणी काय झालं हे शेजारच्या प्रेसवरचा माणूस पाहतो, आणि बहुधा तो एकटाच पाहतो.

राज्य कामगार विम्याच्या १९५० च्या नियमावलीनं प्रत्येक कारखान्याला अपघात नोंदवही ठेवायला लावली. तिचा नमुना, फॉर्म ११, एकदा जरूर पाहा. जखमीचं नाव, शिफ्ट, खातं, इजा कशानं झाली, त्या क्षणी तो नेमकं काय करत होता, आणि शेवटाकडे एक रकाना: दोन साक्षीदारांची नावं, पत्ते आणि व्यवसाय. ज्या कुणी हा नमुना आखला त्याला कारखाना चांगला माहीत होता. त्याला ठाऊक होतं की तासाभरात मशीन पुसली जाईल, गार्ड पुन्हा बसवला जाईल, पेडल काढलं जाईल. दोन माणसांची नावं मात्र कागदावर राहिली तर ती पुसता येणार नाहीत.

हा रकाना भरतो कोण? माझ्या वकिलीच्या कामात ज्या नोंदवह्या माझ्यासमोर आल्या त्यांतल्या कितीतरी वह्यांत सगळी पानं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत भरलेली. साक्षीदार म्हणून सुपरवायझरचं आणि स्टोअरमधल्या क्लार्कचं नाव. इजेचं कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. प्रेसवर शेजारी उभा असलेला पोरगा, ज्यानं ओरडून मेन स्विच पाडला, आपल्या गमछ्यानं हात बांधला, त्याचं नाव कुठंही नाही. नोंदवही कोऱ्या पानांची असती तर निदान शंका तरी आली असती. भरलेल्या वहीपुढं सगळे गप्प होतात.

त्याहूनही जास्त नुकसान होतं ते दवाखान्यात, पहिल्या अर्ध्या तासात. या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्या दाव्याचं भवितव्य तिथं ठरतं. जखमीला घेऊन येतो तो कंत्राटदाराचा माणूस. जखमी अर्धवट शुद्धीत असतो. ड्यूटीवरचा डॉक्टर केसपेपर लिहितो आणि विचारतो, कसं लागलं? उत्तर सोबतचा माणूस देतो: घरी पडला, दुचाकीच्या साखळीत हात गेला, शटरमध्ये सापडला. डॉक्टर तेच लिहितो. दोन वर्षांनी कोर्टात तो केसपेपर उघडला जातो आणि कामगाराला विचारलं जातं, ‘तुम्हीच तर शटर म्हणून सांगितलं होतं?’ त्यानं सांगितलेलं नसतं. तो वेदनेनं कळवळत होता. पण घटनेनंतर लगेच केलेलं पहिलं कथन न्यायालय वजनदार मानतं आणि ते योग्यच आहे, कारण तेव्हा बनाव करायला वेळ मिळालेला नसतो. इथं बनाव करायला वेळ मिळालेला असतो, फक्त तो जखमीला मिळालेला नसतो. शहरातल्या अपघात विभागांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे: सोबतच्या माणसाला बाहेर थांबवा, जखमीला त्याच्या भाषेत विचारा, आणि तो जे बोलला ते त्याच्या शब्दांत लिहा. तुमची ती दोन ओळींची नोंद पुढच्या दहा तारखांपेक्षा मोठी असते.

तुटलेल्या बोटाचा कायद्यानं हिशेब केलेला आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तो टक्केवारीनं मांडला होता. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. तिचं एकच पेर गेलं तर ९. हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. पंधरा हजार रुपये वेतन धरून पंचवीस वर्षांच्या मुलाच्या तर्जनीची एकरकमी भरपाई त्या सूत्रानं सुमारे पावणेतीन लाख रुपये येते. विमा लागू असेल तर एकरकमी न मिळता आयुष्यभर भत्ता मिळतो: रोजची सरासरी मजुरी पाचशे असेल तर तिच्या नव्वद टक्क्यांच्या चौदा टक्के, म्हणजे दिवसाला त्रेसष्ट रुपये. हे पुरेसं आहे का, हा वाद वेगळा आणि माझं मत तुम्हाला कळलंच असेल. पण हे त्रेसष्ट रुपयेसुद्धा मिळायचे तर एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते: हा माणूस या कारखान्यात, या दिवशी, कामावर होता.

आणि नेमकं तेच सिद्ध होत नाही. विमा कायद्यात १९६६ मध्ये कामगाराच्या बाजूचं एक चांगलं कलम आलं: नोकरीच्या ओघात अपघात झाला असेल, तर उलट पुरावा नसेल तोवर तो नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरावं. पण नोकरीच नाकारली तर? हजेरी कंत्राटदाराच्या वहीत, पगार रोख, गेटपास रोज संध्याकाळी परत घेतलेला. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या जखमी कामगारांच्या जबान्यांवर आधारलेला ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल २०१९ पासून काढते. तिचं काम मानेसरकडे सुरू झालं. तिथल्या जखमींपैकी मोठ्या संख्येला विम्याचं कार्ड अपघात झाल्यानंतर मिळालं होतं, ही गोष्ट त्या अहवालांनी वारंवार दाखवली. चाकणचा कामगार ते वाचेल तर त्याला नवल वाटणार नाही. सकाळी बोट गेलं आणि दुपारी नोंदणी झाली, हा क्रम इथंही सगळ्यांना माहीत आहे.

अशा वेळी शेजारच्या प्रेसवरच्या माणसाचा शब्द हाच पुरावा उरतो. आणि कायदा त्या शब्दाला कमी लेखत नाही, हे मला कामगारांना मुद्दाम सांगायचं आहे. १८७२ चा पुरावा कायदा असो की १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम, दोन्हींत तत्त्व एकच आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. ज्यानं पाहिलं त्यानं सांगावं, ऐकीव चालणार नाही. आणि एखादी गोष्ट शाबित करायला अमुक इतके साक्षीदार लागतात असं कुठंही नाही. विश्वास ठेवण्याजोगा एक साक्षीदार पुरतो. तो किती शिकलेला आहे, कोणत्या राज्याचा आहे, कायम आहे की हेल्पर, याला काही महत्त्व नाही. कारखान्यातल्या पदापेक्षा साक्षीच्या पिंजऱ्यातली जागा जास्त समान आहे.

कॅमेरे आहेत, बायोमेट्रिक हजेरी आहे, प्रेसवर स्ट्रोक मोजणारे काउंटर आहेत, मग माणसाची साक्ष कशाला, असं एका तरुण अभियंत्यानं मला विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक आहे. नव्या कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदींना पुराव्यात मोठी जागाही दिली आहे. पण ती सगळी यंत्रं ज्याच्या विरुद्ध दावा आहे त्याच्याच ताब्यात असतात. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि ते मागायला कामगाराचा वकील पोहोचतो तेव्हा ते पुसलं गेलेलं असतं. शिवाय कॅमेरा हात आत गेलेला दाखवतो. सेन्सर महिनाभर बंद होता आणि सकाळीच तीनदा सांगूनही दुरुस्त झाला नव्हता, हे तो दाखवत नाही.

मग साक्षीदार येत का नाही? त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. तो अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे आणि पुढचा ‘ब्रेक’ कधी मिळेल हे सुपरवायझरच्या हातात आहे. तो बीड, परभणी, यवतमाळहून आलेला आहे, नाहीतर गोरखपूर, गंजामहून. मेदनकरवाडीच्या खोलीचं भाडं चौघांत वाटून भरतो. दाव्याला तारीख लागेपर्यंत तो गावी परतलेला असतो किंवा रांजणगावला दुसऱ्या कंत्राटदाराकडे असतो, आणि जुना फोन नंबर बंद असतो. तारखेला यायचं तर दिवसाचा पगार जातो, रेल्वेचं तिकीट त्याच्याच खिशातून जातं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यात, औद्योगिक विवादात मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामगाराला काढणं किंवा त्याच्याशी भेदभाव करणं ही अनुचित प्रथा ठरवली गेली. चौथ्या परिशिष्टात ते स्वच्छ लिहिलं आहे. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर कंत्राटी कामगाराला त्या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. आधी ते नातं दुसरीकडे शाबित करून या. म्हणजे साक्षीदाराला संरक्षण आहे, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच त्याच्या बाहेर आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना फौजदारी खटल्यांतल्या जिवाच्या भीतीसाठी आहे. रोजीच्या भीतीसाठी अशी योजना नाही. ती हवी आहे, आणि ती मागणं हे कामगार संघटनांचं काम आहे.

इथवर अपघातानंतरच्या साक्षीबद्दल बोललो, आता आधीच्या साक्षीबद्दल. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवडेच्या रासायनिक कारखान्यात आग लागली आणि सतरा कामगार गेले, बहुतेक सगळ्या बायका. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्याच तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या चमचमत्या मेणबत्त्या बनवणाऱ्या अनधिकृत कारखान्यात आग लागली. तिथंही मरणाऱ्यांत बायकाच जास्त. दोन्ही वेळी आगीनंतर चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले. माझं म्हणणं आगीच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईला दाराची कडी, ज्वालाग्राही मालाचा ढीग, एकच अरुंद वाट, हे सगळं रोज दिसतं. तिनं ते कुणाला सांगायचं? औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा पत्ता तिला कुणी दिलेला नसतो. अपघाताआधी दिलेली साक्ष हीच खरी जीव वाचवणारी साक्ष, आणि ती ऐकून घेणारं दार आपल्या शहरात गल्लीच्या अंतरावर नाही.

लोखंड्यांनी काय केलं ते इथं पुन्हा पाहण्यासारखं आहे. एकट्या कामगाराला आयोगापुढं पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी जॉबरनं त्याला गिरणीच्या दारातून आत घेतलं नसतं. त्यांनी हजारोंच्या सह्या एका कागदावर आणल्या. इतक्या माणसांना एकदम काढता येत नाही. २४ एप्रिल १८९० च्या महालक्ष्मीच्या सभेत दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारही व्यासपीठावरून बोलल्या. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हे घडलं. साक्ष ही एकट्याच्या धैर्यावर सोडायची गोष्ट नाही, तिच्यामागं माणसं उभी करावी लागतात, हे त्यांना कळलं होतं. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनं त्यांचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर सव्वीस वर्षं लागली.

म्हणून आज माझं पहिलं मागणं आहे ते या सभागृहातल्या कायम कामगारांकडे. तुमच्याकडे युनियन आहे, करार आहे, तुम्हाला सहज काढता येत नाही. तुमच्या खात्यात कंत्राटी पोराला लागलं आणि तुम्ही पाहिलं असेल, तर त्या रकान्यात तुमचं नाव आग्रहानं लिहायला लावा. तो तुमच्या युनियनचा सभासद नाही, हे कारण होऊ शकत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे दुसरं मागणं: पुरवठादाराच्या मालाचा दर्जा तपासायला तुमची माणसं तिसऱ्या पायरीपर्यंत जातात, त्यांना अपघात नोंदवहीही उघडायला सांगा, आणि साक्षीदार म्हणून कुणाची नावं आहेत ते वाचायला सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. जुने कायदे, जुने नमुने त्यांत विरघळत आहेत. नोंदवही संगणकावर जाईल, फॉर्मचा क्रमांक बदलेल. तिथं दोन साक्षीदारांचा रकाना राहतो आहे की नाही, आणि तो जखमीच्या शेजाऱ्याला भरता येतो की फक्त पासवर्ड असलेल्या माणसाला, यावर संघटनांनी आत्ताच लक्ष ठेवलं पाहिजे. नंतर ओरडून उपयोग नाही.

आणि शेवटी, प्रेसवर काम करणाऱ्या मुलांनो, तुमच्यासाठी. शेजाऱ्याला लागलं तर आधी त्याला दवाखान्यात न्या. मग त्याच रात्री, झोपायच्या आधी, कागद घ्या. मराठी, हिंदी, ओडिया, जी भाषा येते तीत लिहा: तारीख, वेळ, मशीनचा नंबर, सेन्सर चालू होता की बंद, पेडल होतं की बटणं, कोण कोण तिथं होतं. खाली नाव लिहा, सही करा, गावाकडचा पत्ता आणि घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर लिहा. एक फोटो काढून जखमीच्या घरच्यांना पाठवा आणि मूळ कागद जपून ठेवा. भरपाईचा अर्ज करायला १९२३ च्या कायद्यानं दोन वर्षांची मुदत दिली होती. तुमचा कागद तेवढा काळ टिकला पाहिजे. उद्या शुक्रवारी पहिल्या पाळीला जाल तेव्हा आपल्या कारखान्यातली अपघात नोंदवही कुठं ठेवलेली आहे, एवढं विचारा.